कशापेक्षा मोठे? कोणांत मोठे?

आपण दिवसभर तुलना करत असतो. तुलना करणे म्हणजे दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहणे. कालच्यापेक्षा आज थंडी जास्त आहे. धाकट्या बैलापेक्षा थोरला बैल जोर धरतो. यंदा सगळ्यांत चांगले धान वरच्या बांधीत झाले. ही सगळी तुलनाच आहे.

अशी वाक्ये आपल्याला कुणी शिकवली? आईच्या मांडीवर बसून आपण ती शिकलो. बोलणे आधी आले आणि व्याकरणाचे पुस्तक फार मागून आले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. त्याच्या आधी शेकडो वर्षे आपले लोक मराठी बोलतच होते, आणि नीट बोलत होते. म्हणून व्याकरण हे नाव ऐकून भिऊ नये. आपण जे रोज करतो, ते उलगडून दाखवणे, एवढेच व्याकरणाचे काम आहे.

आज आपण तुलना कशी करतात ते पाहू. मराठीची रीत पाहू आणि इंग्रजीचीही पाहू. इंग्रजी कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला कारण आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवतात. घरातले पोर इंग्रजीचे पुस्तक उघडून बसते आणि आईबापाला विचारते. शिवाय दुकानातल्या पुड्यावर, बियाण्याच्या पिशवीवर, रेल्वेच्या डब्यात इंग्रजी शब्द आपल्यापुढे येतातच. त्यांतले पुष्कळ शब्द तुलनेचे असतात.

तीन पायऱ्या

आपल्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. तेव्हा पाण्याचेच उदाहरण घेऊ.

बोडी मोठी आहे.
मामा तलाव बोडीपेक्षा मोठा आहे.
गोसीखुर्दचे धरण या तिघांत सर्वांत मोठे आहे.

पहिल्या वाक्यात एकच वस्तू आहे. तिचा गुण सांगितला, पण तुलना केली नाही. ही पहिली पायरी.

दुसऱ्या वाक्यात दोन वस्तू आहेत. एक तलाव आणि एक बोडी. एकीत गुण जास्त आहे, असे सांगितले. ही दुसरी पायरी.

तिसऱ्या वाक्यात दोनांहून जास्त वस्तू आहेत. त्या सगळ्यांत एक वरचढ ठरली. ही तिसरी पायरी. तिच्या वर चौथी पायरी नाही.

जगातल्या कुठल्याही भाषेत माणसाला ही तीन कामे करावीच लागतात. भाषा बदलते तशी रीत बदलते.

आपली रीत

मराठीत तुलनेचा सारा भार एका लहानशा शब्दावर असतो. तो शब्द म्हणजे ‘पेक्षा’. ‘बोडीपेक्षा मोठा’, ‘दगडापेक्षा वीट मऊ’. ‘पेक्षा’च्या जागी ‘हून’ही चालतो. ‘साखरेहून गोड’. खेड्यात आपण ‘परीस’ असेही म्हणतो. ‘त्याच्यापरीस हा बरा’. तिन्ही शब्द आपलेच आहेत. बोलताना कुठलाही वापरावा. अर्ज लिहिताना ‘पेक्षा’ लिहावा, म्हणजे सगळीकडे समजतो.

आता एक गंमत पाहा. ‘तलाव मोठा आहे’ आणि ‘तलाव बोडीपेक्षा मोठा आहे’. दोन्ही वाक्यांत ‘मोठा’ शब्द तसाच राहिला. बोडी म्हटले की ‘मोठी’ होते आणि धरण म्हटले की ‘मोठे’ होते, ही गोष्ट निराळी. पण तुलना केली म्हणून आपण शब्दाला शेपूट लावत नाही. तिसऱ्या पायरीवरही तेच. ‘सर्वांत मोठे’. बोलताना ‘सगळ्यांत मोठे’. शब्द ‘मोठे’ तो ‘मोठे’च.

दोन वस्तू सारख्या असल्या, तर आपण ‘इतका’ किंवा ‘एवढा’ म्हणतो. ‘हा तलाव त्या तलावाएवढा आहे’. आणि सारख्या नसल्या, तर ‘नाही’ जोडतो. ‘बोडी तलावाएवढी मोठी नाही’.

इंग्रजीची रीत

इंग्रजीत मूळ शब्दच बदलतो. त्याला मागून शेपूट लागते. दुसऱ्या पायरीला ‘अर’ आणि तिसऱ्या पायरीला ‘एस्ट’.

बिग म्हणजे मोठा. बिगर म्हणजे त्याहून मोठा. बिगेस्ट म्हणजे सर्वांत मोठा.
स्मॉल म्हणजे लहान. मग स्मॉलर, स्मॉलेस्ट.
हाय म्हणजे उंच. मग हायर, हायेस्ट.
लो म्हणजे खालचा. मग लोअर, लोएस्ट.

रेल्वेत खालच्या फळीला ‘लोअर बर्थ’ म्हणतात, ते इथूनच आले. बारावीच्या शाळेच्या पाटीवर ‘हायर सेकंडरी’ असते. हायर म्हणजे अधिक वरची.

इंग्रजीत ‘पेक्षा’ला ‘दॅन’ म्हणतात. पण त्याची जागा निराळी आहे. आपण ‘पेक्षा’ नावाच्या मागे चिकटवतो. इंग्रजीत ‘दॅन’ नावाच्या आधी येतो. ‘द टँक इज बिगर दॅन द पाँड’. हेच आपल्या शब्दांत एकेक करून मांडले, तर असे होईल: तलाव, आहे, अधिक मोठा, पेक्षा, बोडी. आपल्या कानाला हे उलटे वाटते. इंग्रजी माणसाला आपली मांडणी उलटी वाटते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

लहान शब्दांना शेपूट लागते. लांब शब्दांना ते पेलत नाही. तिथे पुढे दुसरा शब्द ठेवतात. दुसऱ्या पायरीला ‘मोअर’ आणि तिसऱ्या पायरीला ‘मोस्ट’. ब्युटिफुल म्हणजे सुंदर. मोअर ब्युटिफुल म्हणजे अधिक सुंदर. मोस्ट ब्युटिफुल म्हणजे सर्वांत सुंदर. ही रीत आपल्या ‘अधिक’ आणि ‘सर्वांत’सारखीच आहे.

एकाच शब्दाला दोन्ही लावायचे नसते. ‘मोअर बिगर’ म्हणणे चूक. आपल्याकडेही ‘सर्वांत श्रेष्ठतम’ असे लिहिणारे भेटतात. एका बैलाला दोन जू कशाला?

काही शब्द मात्र कुठल्याच नियमात बसत नाहीत. ते पाठच करावे लागतात. गुड म्हणजे चांगला. पण त्याचे ‘गुडर’ होत नाही. गुड, बेटर, बेस्ट असे होते. बॅड म्हणजे वाईट. बॅड, वर्स, वर्स्ट. लिटल म्हणजे थोडे. लिटल, लेस, लीस्ट.

सारखेपणा सांगायला इंग्रजीत ‘ॲज’ हा शब्द दोनदा येतो. ‘ॲज बिग ॲज’ म्हणजे तेवढाच मोठा.

दूरचे नाते

आपल्या मराठीत शब्दाला शेपूट लागत नाही, असे आपण वर म्हटले. पण संस्कृतात लागते. लघु म्हणजे लहान, लघुतर म्हणजे त्याहून लहान, लघुतम म्हणजे सर्वांत लहान. सरकारी कागदावर ‘उच्चतम’ आणि ‘न्यूनतम’ हे शब्द येतात, ते असेच झाले. ‘तम’ दिसले की तिसरी पायरी समजावी.

संस्कृतात आणखी एक शेपूट आहे. ते म्हणजे ‘इष्ठ’. ज्येष्ठ म्हणजे वयाने सर्वांत मोठा. कनिष्ठ म्हणजे सर्वांत लहान. श्रेष्ठ म्हणजे सर्वांत चांगला. आणि स्वादिष्ठ म्हणजे सर्वांत गोड.

आता हे ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतले ‘एस्ट’ जवळ ठेवून पाहा. कानाला सारखे लागतात ना? ते सारखेच आहेत. इंग्रजीत गोडाला ‘स्वीट’ म्हणतात आणि सर्वांत गोडाला ‘स्वीटेस्ट’. आपला ‘स्वादिष्ठ’ आणि त्यांचा ‘स्वीटेस्ट’ एकाच खोडाच्या दोन फांद्या आहेत. हजारो वर्षांपूर्वी या भाषांचा पूर्वज एक होता. विल्यम जोन्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश होते. त्यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एका भाषणात हा विचार मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असे ते म्हणाले. पुढे विद्वानांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला.

म्हणजे इंग्रजी ही काही आभाळातून पडलेली भाषा नाही. ती आपल्या दूरच्या सोयऱ्याची भाषा आहे.

तीन प्रश्न

भाषेची रीत कळली. आता तिचा व्यवहार पाहू. तुलनेचे वाक्य कानावर आले, की आपण तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: कशापेक्षा?

तुलनेला दोन वस्तू लागतात. एकच वस्तू सांगितली आणि दुसरी लपवली, तर ते वाक्य अर्धे आहे. ‘आमचे बियाणे अधिक उत्पन्न देते’. कशापेक्षा अधिक? मागच्या वर्षीच्या बियाण्यापेक्षा? शेजारच्या दुकानातल्या बियाण्यापेक्षा? कोणत्या जमिनीत आणि किती पाण्यावर? साबणाच्या वडीवर ‘२५ टक्के जास्त’ असे छापलेले असते. कोणत्या वडीपेक्षा जास्त? बहुधा बाजूला बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. आपल्याला आता वाचता येते. ते बारीक अक्षर वाचावे. वाचून कळले नाही, तर दुकानदाराला विचारावे.

दुसरा प्रश्न: कोणांत?

‘सर्वांत’ म्हटले की कुंपण किती मोठे, ते पाहावे लागते. २०११ सालच्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. गोंदिया जिल्ह्याची १३,२२,५०७ होती. पूर्वी हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. या दोघांत गोंदियाची लोकसंख्या जास्त आहे. पण नागपूर जिल्हा त्यांच्या शेजारी ठेवला, की गोंदिया मागे पडतो. त्याच जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती. आकडा तोच, पण कुंपण वाढले आणि पहिला नंबर गेला.

कळसूबाईचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. महाराष्ट्राचे कुंपण काढले, की ते सर्वांत उंच राहत नाही. जगात सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट आहे. त्याची उंची सुमारे ८,८४९ मीटर आहे. म्हणून ‘बेस्ट दुकान’ अशी पाटी दिसली, तर मनात विचारावे: कोणांत बेस्ट? या गल्लीत, या गावात, की जिल्ह्यात? आणि ठरवले कुणी?

तिसरा प्रश्न: माप एकच आहे ना?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा, एकाला दहा हजार रुपये कर्ज हवे आहे. बँक म्हणते, व्याज शेकडा ९. सावकार म्हणतो, माझे तर शेकडा ३ च आहे. तीन नवापेक्षा कमीच की! गडी खूश होऊन सावकाराच्या ओसरीवर जातो.

पण थांबा. बँकेचे ९ हे वर्षाचे आहेत. सावकाराचे ३ हे महिन्याचे आहेत. मापच निराळे आहे. एक पायलीने मोजतो आणि दुसरा पोत्याने. आता दोन्ही वर्षाच्या मापात आणू. बँकेचे व्याज वर्षाला ९०० रुपये होते. सावकाराचे महिन्याला ३०० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये होतात. नऊशे कुठे आणि छत्तीसशे कुठे! ‘कमी’ या एका शब्दाने चौपट भुर्दंड बसला असता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘त्याच्यापेक्षा स्वस्त’ म्हणजे स्वस्त नव्हे. दोघेही महाग असू शकतात. एक सावकार शेकडा ५ घेतो आणि दुसरा ३ घेतो. दुसरा पहिल्यापेक्षा बरा, हे खरे. पण त्याचे व्याज थोडे आहे, असे त्यावरून ठरत नाही. दुसऱ्या पायरीचे वाक्य फक्त दोघांमधला फरक सांगते. वस्तू मुळात कशी आहे, ते सांगत नाही.

कमाल आणि किमान

तिसऱ्या पायरीचे दोन शब्द आपल्या पोटापाण्याशी बांधलेले आहेत. ते म्हणजे कमाल आणि किमान. इंग्रजीत त्यांना मॅक्सिमम आणि मिनिमम म्हणतात. कमाल म्हणजे जास्तीत जास्त. किमान म्हणजे कमीत कमी.

दुकानातल्या बंद पुड्यावर ‘एम. आर. पी.’ अशी तीन अक्षरे आणि पुढे रुपये छापलेले असतात. त्यांतल्या ‘एम’चा अर्थ मॅक्सिमम. ती कमाल किंमत आहे. सगळे कर तिच्यात आलेले असतात. बंद वेष्टनातल्या मालावर ती छापावी, असा नियम आहे. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो. त्याहून जास्त मागू शकत नाही. ‘छापलेलाच भाव आहे, कमी कसा करू?’ असे कुणी म्हटले, तर तो त्याच्या मर्जीचा भाग आहे. नियम त्याला कमी घ्यायला अडवत नाही.

धानाचे याच्या उलट आहे. धानाला सरकार किमान आधारभूत किंमत ठरवते. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि ‘अ’ दर्जाच्या धानाला २,३८९ रुपये किंमत केंद्र सरकारने जाहीर केली. ही कमीत कमी किंमत आहे. सरकारी खरेदी केंद्रावर ठरलेल्या प्रतीचे धान याच दराने मोजून घ्यायचे असते. व्यापाऱ्याकडे दर निराळा ठरतो. पण त्याने सांगितलेला दर कशाशी ताडून पाहायचा, हे या आकड्यावरून कळते. त्याचा दर किमान किमतीपेक्षा जास्त आहे की कमी, आणि कितीने कमी? वीस क्विंटल धान असले आणि क्विंटलमागे १०० रुपये कमी मिळाले, तर २,००० रुपये गेले.

त्याच खरेदी केंद्रावर कमालही असते. धानात ओलावा जास्तीत जास्त १७ टक्के चालतो. म्हणजे १७ किंवा त्याहून कमी. म्हणून धान नीट वाळवून न्यावे. पैसे घेताना किमान पाहावे, ओलावा मोजताना कमाल पाहावी.

कमाल म्हणजे छप्पर. त्याच्या वर जाता येत नाही. किमान म्हणजे जमीन. तिच्या खाली जाता येत नाही. हे दोन शब्द उलटे समजले, तर शेतकऱ्याचेही नुकसान होते आणि गिऱ्हाइकाचेही.

खाण्याच्या पुड्यावर कधी कधी ‘बेस्ट बिफोर’ असते. बेस्ट ही गुडची तिसरी पायरी, हे आपण पाहिले. त्याचा अर्थ, या मुदतीपर्यंत माल उत्तम राहील. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ लिहिले असेल, तर त्या तारखेनंतर तो माल खाऊ नये.

कार्यालयात ‘सीनिअर सिटिझन’ असा शब्द ऐकू येतो. आपण त्याला ज्येष्ठ नागरिक म्हणतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्यात ६० वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला ज्येष्ठ नागरिक धरले आहे. म्हातारपणी मुलाने सांभाळले नाही, तर या कायद्याने दाद मागता येते.

पोराच्या अभ्यासात

शाळेत इंग्रजीच्या तासाला मुलांना ‘डिग्री बदला’ असा प्रश्न घालतात. डिग्री म्हणजे इथे पायरी. एकच गोष्ट तिन्ही पायऱ्यांनी सांगायची. आपल्याला ते मराठीत करून दाखवता येते.

तिसरी पायरी: कळसूबाई महाराष्ट्रात सर्वांत उंच शिखर आहे.
दुसरी पायरी: कळसूबाई महाराष्ट्रातल्या इतर कुठल्याही शिखरापेक्षा उंच आहे.
पहिली पायरी: महाराष्ट्रातले इतर कुठलेही शिखर कळसूबाईइतके उंच नाही.

अर्थ एकच आहे, रीत तीन आहेत. यात ‘इतर’ हा शब्द विसरू नये. कळसूबाई स्वतःपेक्षा उंच कशी असेल? इंग्रजीत या ‘इतर’ला ‘अदर’ म्हणतात. मुले नेमका तोच शब्द गाळतात आणि गुण जातात. पोर हा धडा करत असेल, तेव्हा त्याला एवढेच विचारावे, ‘बाळा, इतर लिहिलेस का?’ इंग्रजी न येणाऱ्या आईलाही एवढी मदत करता येते.

सराव

१. आपल्या घरातली तीन माणसे घ्या. त्यांच्या उंचीवर तीन पायऱ्यांची तीन वाक्ये लिहा.

२. घरातला एखादा बंद पुडा आणा. त्यावरची कमाल किंमत वाचा. आपण किती दिले, ते शेजारी लिहा. कोणता आकडा मोठा आहे?

३. एकाचे व्याज महिन्याला शेकडा २ आहे. दुसऱ्याचे वर्षाला शेकडा १२ आहे. पाच हजार रुपयांवर एका वर्षात कुणाचे व्याज जास्त होईल? दोन्ही वर्षाच्या मापात आणून सांगा.

४. बाजारातली एखादी पाटी आठवा, जिच्यावर ‘अधिक’, ‘उत्तम’ किंवा ‘बेस्ट’ लिहिले आहे. तिला तीन प्रश्न विचारा: कशापेक्षा? कोणांत? माप एकच आहे ना?

उत्तरे एकमेकांना वाचून दाखवा. ज्याला अडेल, त्याला शेजारच्याने सांगावे.